एकतीस डाव

आधी वायर काढली,
भिंतीतून येणारी निळी, टोकाला नखाएवढा चिमटा,
कारण आत जे काही बसलं होतं
ते अजून बाहेर कुणाशी तरी बोलत होतं.

झालं? दोन्या झ्लातानं विचारलं.
म्हटलं, नाही, हे नुसतं दार लावणं.
चोर अजून घरातच आहे.

पुन्ता आरेनासला कधीकधी वारा असा सुटतो
की चौकात दोरखंड बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या दुपारीही पत्रे थडथडत होते,
आणि पडद्यावर मिनिटामिनिटाला उघडत होती
कुठल्याशा लॉटरीची खिडकी: अभिनंदन, अभिनंदन.
पंखा धापा टाकत होता.
माझ्यासमोरचा चहा कोमट होऊन गेला.

घरच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार केलेला पेनड्राइव्ह
मी सोबत आणला होता.
त्यावरून तिचं यंत्र सुरू केलं,
त्याची स्वतःची शुद्ध हरपलेली ठेवून,
भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडावं तसं.

मग निवडायला बसलो, मसूर निवडतात तसं.
फोटो घ्यायचे.
नेवेन्काची पत्रं घ्यायची.
मेंढ्यांच्या लोकरीचे हिशेब, बावीस वर्षांचे,
अनसेल्मो कारकून होता तेव्हाचे, तेही.
प्रोग्राम एकही नाही.
जे आपणहून चालायला लागतं ते न्यायचं नाही, मी तिला सांगितलं,
जे गुमान पडून राहतं, कुणी उघडलं तरच बोलतं,
तेवढंच आपलं.

तपासणी संपायला दीड तास लागला.
वाळवीचं तोंड सापडलं:
कारिओका. पत्त्यांचा खेळ. फुकट.
अकरा ऑगस्ट, रात्री दोन वाजून सात मिनिटं.

तो नको पुसूस, ती म्हणाली.

मी समजावलं. ती मान हलवत राहिली,
मला नव्हे, खिडकीला.
त्याला झोप लागायची नाही रे, शेवटच्या हिवाळ्यात.
इथेच बसायचा, गुडघ्यांवर घोंगडी.
सकाळी मी विचारायची, कोण जिंकलं?
मीच, म्हणायचा.
रोज. मीच.

खेळ चालवणं शक्यच नव्हतं.
पण खेळानं गुण लिहून ठेवले होते
एका साध्या फाइलीत, नुसती अक्षरं आणि आकडे,
वहीच्या पानाइतकी निरुपद्रवी.
ती उघडली आणि वाटलं, नसती उघडली तर बरं.

खेळाडू: अनसेल्मो.
डाव एकशे त्रेचाळीस.
जिंकले एकतीस.

वाच ना, ती म्हणाली.
वाचलं.
छपरावर वारा जरा थांबल्यासारखा झाला, किंवा मीच श्वास धरला असेन.
म्हणजे हरला किती?
एकशे बारा.

आधी काहीच नाही.
मग हसायला लागली, चष्मा काढून ठेवावा लागेपर्यंत,
टेबलाची कड धरून.
खोटारडा, ती म्हणाली,
अगदी हळू, चारचौघांत नाव घ्यावं तसं.

ते आकडे तिच्या किराणाच्या वहीत उतरवून दिले.
नंतर डिस्क पुसली, सगळी,
आणि पहिल्यापासून सारं पुन्हा बसवलं.
साडेचारला अंधार पडला तेव्हा
पट्टी अजून साठ टक्क्यांवर.
नवे पासवर्ड तिनं त्या स्वच्छ यंत्रावरच टाकले.
मी तोंड फिरवून सामुद्रधुनीकडे बघत बसलो,
जी दिसत नव्हतीच.

दोन प्रती करून दिल्या.
एक इथे, शिवणाच्या खणात.
लावून ठेवायची नाही, बजावलं, काम झालं की काढायची,
जोडलेलं असतं ते एकदम जातं.
दुसरी पलीकडे, पोर्वेनीरला, नणंदेकडे.
ती तिनं कालाफातेच्या जॅमच्या बरण्यांमध्ये
लोकरी मोज्यात गुंडाळून डब्यात ठेवली.
बोट मात्र बंद, वाऱ्यामुळे.
डबा दाराशी.

पैसे देताना विचारलं तिनं,
ते एकतीस, ते कुठल्या कुठल्या रात्रींचे, हे कळतं का?
नाही, म्हटलं. तेवढं ते ठेवत नाहीत.

शुक्रवारी फोन आला.
बोट गेली, म्हणाली.